अर्धा ग्लास

"आई, नुसता वास घे. पिऊ नकोस," प्रियांका हळूच म्हणाली.

मीराबाईंनी ग्लास हातातसुद्धा घेतला नाही. टेबलावर चार ग्लास मांडले होते आणि प्रत्येकात दोन-दोन घोट जांभळाची वाइन होती. मुरबाड रोडपासून आत, रवींद्रच्या घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात स्टीलच्या टाक्या. बागेतली जांभळं तिथेच आंबवायची, गाळायची आणि बाटल्यांत भरायची. राबणारी माणसं घरातलीच. रवींद्र, त्याची बायको दर्शना आणि मुलगा दिपेश. प्रियांका मायक्रोबायोलॉजी शिकून इथे तपासणीच्या कामाला लागली आणि वर्षभरात घरी येऊन म्हणाली, लग्न करीन तर दिपेशशीच.

मीराबाई कल्याणच्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. नवरा महेंद्र दारूपायी गेला तेव्हा प्रियांका आठवीत होती. त्यामुळे मुलाचं नाव कळल्यावर त्यांनी ना जात विचारली, ना जमीन. "दारूच्या कारखान्यात देऊ तुला?" एवढंच म्हणाल्या आणि पुढे कितीतरी दिवस मुलीशी धड बोलल्या नाहीत. आज आल्या होत्या त्या पोरीच्या हट्टापायी. आल्यापासून खुर्चीच्या कडेवरच बसल्या होत्या, कधीही उठता यावं अशा.

"मी पंचशील पाळते, भाऊ," त्यांनी रवींद्रला सांगितलं.

"मग नका घेऊ, ताई. जबरदस्ती नाय काय," रवींद्रने ग्लास बाजूला सारला. "दर्शना, ताईंना कोकम सरबत दे गं."

त्याला मात्र नव्या टाकीतली वाइन बघायची होती. त्याने तोटीखाली ग्लास धरला, हलवला, घोट तोंडात घेतला, डोळे मिटून घोळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

मीराबाई बघतच राहिल्या. "थुंकलात?"

"दिवसभर चाखायचं असतं, ताई. गिळत बसलो तर संध्याकाळी मीच टाकीत पडंन."

दर्शना हसली. मीराबाईंना हसू आलं नाही. महेंद्र बाटली संपली की तिच्यात पाणी घालून खळखळवायचा आणि तेही प्यायचा.

त्यांनी दिपेशकडे मान वळवली. "आणि तुम्ही?"

"आई, हा नाही घेत," प्रियांका घाईने म्हणाली.

दिपेशने तिच्याकडे पाहिलं, मग मीराबाईंकडे. "घेतो, आई. रविवारी जेवताना एक ग्लास. ही बोललेली, आईला सांगू नको. पण उद्या तुम्हाला कळणारच ना."

प्रियांकाचा चेहरा पडला. मीराबाईंच्या लग्नात महेंद्रच्या मामाने चारचौघांत सांगितलं होतं, मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. दुसऱ्याच रात्री तोंडाच्या वासाने त्यांना कळलं होतं.

"आज रविवारच आहे," त्या म्हणाल्या. "घ्या माझ्यासमोर."

ओटीवर पानं वाढली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी. दिपेशच्या पानाशेजारी भरलेला ग्लास होता. पहिले दोन घोट त्याने अवघडूनच घेतले. मग रवींद्रने जांभळाच्या झाडांना लागलेल्या किडीचा विषय काढला आणि बापलेकांचं जुंपलं. फवारणी आता की मोहर आल्यावर? दिपेशने दुसरी भाकरी घेतली, भात घेतला, कालवण मागून घेतलं. मीराबाईंचा घास हातातच राहत होता. ग्लास अर्ध्यावर आलेला होता आणि तिथेच थांबला होता. दिपेश बोलता बोलता उठला, हात धुतले आणि बापाबरोबर झाडं बघायला गेलासुद्धा.

दर्शनाने ताटं गोळा केली, ग्लास उचलला आणि खरकट्या पाण्याबरोबर मोरीत ओतला.

"टाकलीत?" मीराबाईंनी विचारलं.

"मंग काय करू? गरम झाली ती." दर्शनाने ग्लास विसळून पालथा घातला. "ताई, भाकरी अजून देऊ? तुम्ही काय जेवलाच नाय."

"द्या," मीराबाई म्हणाल्या. "अर्धी द्या."

ती भाकरी त्यांनी सावकाश, मांडी घालून खाल्ली.

निघताना त्या अंगणात थांबल्या. "भाऊ, लग्न विहारात होईल. आमच्या पद्धतीनं. आणि त्या दिवशी तिथं बाटली दिसता कामा नये."

"नाय दिसणार," रवींद्रने हात जोडले. दिपेश वाकून पाया पडला. मीराबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं नको बोलूस कधी," त्या म्हणाल्या. अहो-जाहो सुटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

कल्याणच्या एसटीत बसायला जागा मिळाली. प्रियांका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आई, सॉरी. मी खोटं बोलायला नको होतं."

"हं."

"रागावलीस?"

मीराबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तुझे पप्पा ढोलकी वाजवायचे, तुला माहितीये?"

"आपले पप्पा?"

"गायन पार्टीत होते. जयंतीला आख्खी वस्ती यायची ऐकायला. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा तिथंच बघितलेलं, स्टेजवर."

प्रियांकाला आठवत होता तो जिन्यात पडलेला माणूस. दोघी मिळून त्याला उचलून आत न्यायच्या. ती आईच्या जवळ सरकली. "कसं वाजवायचे?"

मीराबाईंनी मांडीवरच्या पिशवीवर बोटांनी ठेका धरून दाखवला. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून धरला. कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा त्या थांबल्या. "दोन कल्याण," असं म्हणून तिकिटं काढली, पर्समध्ये नीट ठेवली आणि चेन लावली.

"मग असं करायचे," त्या म्हणाल्या आणि बोटं पुन्हा पिशवीवर टेकवली.