व्यंकोजींचं नाक

व्यंकोजींनी चालू फियाटच्या बॉनेटखाली डोकं घातलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. शेजारी उभे असलेले रघुनंदन वकील आपलाही श्वास रोखून वाट पाहू लागले.

विल्सन गार्डन भागात ह्या नाकाचा शब्द अखेरचा मानत. गोडसर वास आला की रेडिएटर गळतोय, नासक्या अंड्याचा आला की बॅटरी जादा चार्ज होतेय. पान्याला हात लावण्याआधीच व्यंकोजी सांगून मोकळे होत. पण तीन महिन्यांपूर्वी ते तापानं फणफणले. ताप गेला, आणि जाताना वासही घेऊन गेला. आता त्यांना पेट्रोल आणि पाणी सारखंच. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कळलं तर आपल्या गॅरेजची पायरी कोण चढणार, ह्या धास्तीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

“काय म्हणतंय नाक, अण्णा?” रघुनंदननी विचारलं. “गाडी तापली की स्वल्प, जरासा जळकट वास येतो. उद्या म्हैसूरला जाऊन मुलीला बाळंतपणाला आणायचंय.”

जळकट म्हणजे काय काय असू शकतं, ते व्यंकोजींना पाठ होतं. क्लच, ब्रेक, सायलेन्सरवर ठिबकणारं ऑइल. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. काही नाही. बहुतेक वेळा क्लचच निघतो, अशी मनाची समजूत घालत त्यांनी डोकं बाहेर काढलं. म्हैसूर करून या, मग बघू, असं सांगायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची बायको सत्यवती डबा घेऊन आली. हल्ली ती रोज स्वतःच यायची. गाडीच्या उघड्या दारापाशी ती थबकली, मग व्यंकोजींच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

“अहो, मागे आपल्या इस्त्रीची वायर जळली होती ना, अगदी तस्साच वास येतोय इथे.”

व्यंकोजींनी झटकन इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर काढली आणि टॉर्च घेऊन ते डॅशबोर्डखाली आडवे झाले. आत एका वायरीचं प्लास्टिक वितळून उघडी तार पत्र्याला घासत होती. वरचं अस्तर काळं पडलं होतं. रघुनंदननी वाकून पाहिलं आणि ते मटकन स्टुलावर बसले.

“ह्या गाडीत मी पोरीला बसवणार होतो,” ते कसंबसं म्हणाले. “अण्णा, तुमच्या नाकाला तोड नाही.”

व्यंकोजींना कानकोंडं झालं. संध्याकाळी गाडी घेऊन जा, एवढंच ते बोलले.

वकील गेल्यावर ते नळाशी हात धुऊ लागले.

“मलाही आला होता तो वास,” ते पाठमोरेच म्हणाले. “तू बोलायच्या आधीच.”

“हो का?”

“आणि तुझ्या गजऱ्याचा वासही काय छान सुटलाय आज!”

डबा उघडणारा सत्यवतीचा हात क्षणभर थांबला. मग तिनं भात वाढला.

“सरी, ठीक आहे. जेवा आता.”

जेवण झालं, रिकामा डबा घेऊन ती निघाली. व्यंकोजी तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांची नजर तिच्या अंबाड्यावर गेली. गजरा अबोलीचा होता. नुसत्या अबोलीचा, मोगऱ्याची एक कळीसुद्धा नाही. अबोलीला वास नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि डबा रोज हिनंच का आणावा, हे त्यांना आत्ता कळलं.

“सत्या!”

ती वळली.

“उद्या डबा सकाळीच आण. नऊपासून गाड्या येतात.”

“साडेआठलाच येते,” ती म्हणाली आणि गजरा सारखा करत चालू लागली.