एवढ्या एकाच पिंपाला

विमानानं पिकांवर औषध फवारणं बंद झालं, धावपट्टीवर गवत माजलं, आणि आता मालकाच्या सुनेनं विमानाचा हँगर रंगवून तिथं धावपट्टीचा इतिहास मांडला होता. पंचवीस वर्षं तिथं औषध कालवणारा म्हातारा लेकीसोबत उद्घाटनाला आला तो नाक मुरडतच. वैमानिकानं त्याचं नाव ‘आचारी’ पाडलं होतं. औषध म्हणायचं आपलं, होतं जहाल विष. ते पाण्यात कालवायचं, विमानाच्या टाकीत भरायचं आणि रिकाम्या पिंपाला छिन्नीनं भोक पाडायचं. नाहीतर लोक पिंप घरी नेऊन पाणी भरून ठेवायचे. त्याची छिन्नी नि हातोडी आज टेबलावर मखमलीवर ठेवली होती.

भिंतीवर मालकाचे फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘तीस वर्षांत कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.’ आचाऱ्यानं तोंड फिरवलं.

“काका, जुन्यांपैकी तुम्हीच उरलात. याखाली सही कराल ना?” सून लाडीगोडीनं म्हणाली. “आधी सरबत घ्या. पिंपसुद्धा आपलं जुनंच! गोदामात एक धड सापडलं, घासून लख्ख केलंय.”

कोपऱ्यात निळं रंगवलेलं लोखंडी पिंप, त्याला पितळी तोटी. माणसं पेले भरून घेत होती, मिटक्या मारत होती. रंगाखालून आचाऱ्याला औषधाचा तो जुना वास आला, की नुसता भास झाला, कोण जाणे. शी! अक्कल गहाण टाकली होती सगळ्यांनी. तेवढ्यात लेकीनं पेला ओठांशी नेला. त्यानं फटका मारून तो उडवला.

“बाबा! लोक बघतायत.”

“बघू देत. तुझी आई असल्याच पिंपातलं पाणी पिऊन गेली.”

लेक थिजली. “तुम्ही तर कावीळ म्हणाला होतात.”

“थाप मारली.”

“काका, आजच्या दिवशी हे कशाला?” सून कुजबुजली. लेकीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

“ते पिंप घरी आणलं कुणी?”

मघापासून या लोकांची किळस करणारा आचारी तरी कोण मोठा लागून गेला होता?

“मी,” तो म्हणाला. “तिला पाणी फार लांबून आणावं लागायचं. म्हटलं, एवढ्या एकाला नको भोक. तीनदा धुतलं होतं गं मी.”

लेक टेबलापाशी गेली, छिन्नी-हातोडी उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली.

“याला तरी भोक पाडा.”

त्यानं बुडाजवळ छिन्नी टेकवली. तिसऱ्या घावाला पत्रा फाटला. सून किंचाळली, माणसं पाय उचलत बाजूला झाली. सरबताचा ओघळ लेकीच्या चपलांपर्यंत आला तशी ती मागे सरली. त्यानं आधारासाठी हात पुढे केला, तेव्हा ती आणखी एक पाऊल मागे सरली.