कर्ण्याची सूं

ओळखलंत का मला? नाही ना? मी त्या दोन उंच स्पीकरांच्या मधल्या फळीवरचा काळा डबा. जेमतेम पुस्तकाएवढा. पोटावर दोन हिरवे दिवे आणि पाठीला वायरींचा गुंता. खोक्यावर माझं नाव डिजिटल क्रॉसओव्हर असं छापलं होतं, पण या घरात मला डबाच म्हणतात आणि आता मीही त्याच नावाला ओ देतो.

माझं काम वाटणीचं. गाणं माझ्याकडे आलं की मी आधी त्याचे आकडे करतो आणि आकडेमोड करून दोन हिस्से पाडतो. जाड आवाज खालच्या पेटाऱ्याला, बारीक आवाज त्याच्या डोक्यावर बसवलेल्या लाकडी कर्ण्याला. वाटणी करणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्यांना भिंग लावलेल्या एका ताईनं माझे सगळे भाग जोडले, वीज देऊन पाहिली, "बरा आहे" म्हणाली आणि थर्मोकोलमध्ये दाबून बसवलं. पुन्हा उजेड दिसला तो याच खोलीत. समोर घड्याळजी होते.

घड्याळजींनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ नुसतं कानाला लावून ते दुखणं सांगत, असा त्यांचा लौकिक, आणि तो सांगताना ते जरा फुगतही. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली बाई म्हणते, कारण अर्ध्या गल्लीला त्यांनीच शिकवलंय. दोघं निवृत्त झाल्यावर ठरलं की रोज संध्याकाळी तासभर शेजारी शेजारी बसून गाणी ऐकायची. त्यासाठी दोन खुर्च्या आल्या, स्पीकर आले. माझ्याआधी वाटणीचं काम तांब्याच्या वेटोळ्यांचा एक जाडजूड म्हातारा करायचा. मी आलो आणि त्याची रवानगी कॉटखाली झाली. जाताना तो काही बोलला नाही. त्याच्या तोंडून कधी आवाज निघतच नसे.

कर्णा चांगला दीड हात खोल. आवाज त्याच्या बुडाशी जन्मतो आणि तोंडापर्यंत येईस्तोवर पेटाऱ्याचा आवाज खुर्चीच्या वाटेला लागलेला असतो. घड्याळजींनी मोजपट्टी लावली. सत्तर सेंटिमीटर. गुणाकार भागाकार करून त्यांनी मला हुकूम दिला, पेटाऱ्याला सेकंदाचे दोन हजारांश थांबवून धर. जन्मभर सेकंद जपलेल्या माणसाला सेकंदाचा हजारावा भाग चिमटीत मिळाला, मग काय विचारता! त्यांनी दोनदा चहा घेतला.

मीही पेटाऱ्याला दटावून थांबवलं. त्या संध्याकाळी गाण्यातली गायिका दोन पेट्यांतून नाही, तर एका गळ्यातून गायली. गाणं संपलं, खोली शांत झाली आणि बाईंनी विचारलं, "अहो, ही सूं कसली?"

"कसली सूं?"

घड्याळजींनी कर्ण्यात जवळजवळ डोकंच घातलं. मग बाहेर काढून निकाल दिला की काही नाही, तुझ्याच कानात असेल.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सूं माझी होती. आम्हा डब्यांना श्वास असतो. साध्या स्पीकरसमोर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. पण कर्णा भलताच तल्लख, त्याच्यापाशी कुजबुजलं तरी तो चव्हाट्यावर मांडतो. त्यात घड्याळजींनी एक घोळ घातला होता. गाण्याचा आवाज ते माझ्याआधीच कमी करायचे आणि माझ्यापुढचा ॲम्प्लिफायर मात्र सताड उघडा ठेवायचे. म्हणजे गाणं माझ्याकडे यायचं ते मुठीएवढं होऊन, आणि पुढे माझ्या श्वासासकट फुगायचं.

शिवाय त्यांना गाणी मंद वाटू लागली होती. दर आठवड्याला ते बारीक आवाज चिमूटभर वाढवत, आणि माझी सूंही वाढे. बाई म्हणजे तीस वर्षं शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून पकडणाऱ्या. त्यांची खुर्ची आधी दारापाशी सरकली, मग आतल्या खोलीत गेली. पुढे ते दारही बंद झालं. घड्याळजी एकटेच बसत आणि मधूनमधून त्या दाराकडे बघत. मला फार वाईट वाटायचं. त्यांना जे सुख द्यायला मी आलो होतो, तेच मी घालवून बसलो होतो.

बाई परत येऊन बसाव्यात म्हणून एका सकाळी त्यांनी कॉटखालून म्हाताऱ्याला ओढून काढलं आणि धूळ पुसली. माझं थर्मोकोलही खाली आलं. मी काय ते समजलो.

तेवढ्यात बाईंनी त्यांच्यापुढे आपलं मनगटी घड्याळ ठेवलं आणि त्या आत गेल्या. सवयीनं त्यांनी ते कानाला लावलं, बंद आहे म्हणून पुटपुटले, पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि तसेच बसून राहिले. माझ्या फळीवरून मला सगळं दिसत होतं. आतलं चिमुकलं चाक मजेत इकडून तिकडे झुलत होतं. चाळीस वर्षांत चालू घड्याळ बंद समजून त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

त्यांनी बाईंना हाक मारली. "हे जरा कानाला लावून बघ."

"चालू आहे की. मी पट्टा बदलायला दिलंय."

घड्याळजी बराच वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिले. "मग ती सूंही खरीच असणार," ते म्हणाले.

मला वाटलं, आता बाई त्यांची शाळा घेणार. पण त्या आपली खुर्ची घेऊन आल्या, जुन्या जागी ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फिरवा, मी ऐकते."

मग गाणं माझ्याकडे भरपूर आलं आणि पुढचा ॲम्प्लिफायर हळूहळू मिटत गेला. बाई डोळे मिटून, बोट वर करून बसल्या होत्या. अजून, म्हणाल्या. अजून थोडं. मी तर श्वासच रोखून धरला होता. मग बोट खाली आलं. आवाज मोजायचा माईक घड्याळजी एरवी आपल्या खुर्चीपाशी ठेवत, या वेळी त्यांनी तो बाईंच्या खुर्चीपाशी ठेवला आणि वाढवलेले सगळे बारीक आवाज जागेवर आणले. ती मांडणी माझ्या दोन नंबरच्या बटणात साठवली. एक नंबरात त्यांची स्वतःची होती, ती ते पुसायला निघाले.

"असू दे," बाई म्हणाल्या. "डब्यात जागा आहे ना?"

तेव्हापासून संध्याकाळी दोन नंबर लागतो. बाई वाचनालयात गेल्या की घड्याळजी हळूच एक नंबर दाबतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. म्हातारा पुन्हा कॉटखाली गेलाय. तुमच्याकडचा एखादा डबा असा सूं करू लागला, तर त्याला लगेच खोक्यात घालू नका. घरात ती कोणाला ऐकू येते आणि कोणाला नाही, एवढं आधी विचारा.

काल बाई लवकर परतल्या. बाहेरचं दार माझ्या समोरच आहे आणि त्याच्याखाली बोटभर फट आहे. फटीत मला त्यांच्या चपला दिसल्या. आत एक नंबर जोरात चालू होता. चपला हलल्या नाहीत. अख्खं गाणं होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. पेटाऱ्याला थांबायला मी शिकवलं, पण बाईंना कोणी शिकवलं ते मला माहीत नाही.

गाणं संपलं, मग बेल वाजली. घड्याळजींनी घाईनं दोन नंबर दाबला आणि दार उघडायला गेले.

"काय ऐकत होतात?" बाईंनी विचारलं.

"हेच, आपलं नेहमीचं."

"हो का," म्हणत बाई येऊन खुर्चीत बसल्या. मी पेटाऱ्याला थांब म्हटलं आणि कामाला लागलो.