कोर्स, म्हणजे खरखरीत

कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा ठिपका पसरला होता आणि त्याला लागून तो इंग्रजी शब्द — कोर्स, coarse. खरखरीत, जाडाभरडा, ओबडधोबड… तिनं तीन प्रतिशब्द लिहिले. शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं हेच काम. पण आज पुढचं 'आवाजाविषयी' एवढं लिहायला हात वळेना.

सकाळी बाबांच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं, कालच बसवलेलं. आणि ती सवयीनं — सात वर्षांच्या सवयीनं — दारातूनच ओरडली होती, "बाबा, चहा गार होतोय!" ते दचकले, चहा बशीत सांडला. मग तिच्याकडे बघतच राहिले, घरात कुणी परकी बाई शिरावी तसे.

"तुझा आवाज असा झालाय होय गं?"

एवढंच. यंत्र काढून त्यांनी डबीत ठेवलं. तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच तर, बाबा… पण तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं.

"अडलीस का गं?" समोरून संपादकबाईंनी विचारलं. "व्युत्पत्ती बघ, गंमत आहे. मुळात तो खरखरीत नव्हताच. इंग्रजीत क्रमाला, ओघाला जो कोर्स म्हणतात, बहुधा त्याच घरातला. म्हणजे नेहमीचं, साधं. नेहमीचं कापड जाडंभरडं, म्हणून हळूहळू अर्थच खरखरीत झाला."

"कधी झाला?"

"असं वर्ष सांगता येतं होय? वापरता वापरता झाला."

बाई हसल्या. तिला हसू आलं नाही. औषध घेतलंत का, नळ बंद करा, दार लावून घ्या — कितव्या हाकेला झाला माझा आवाज असा? मलाच कसा ऐकू आला नाही?

संध्याकाळी जिन्यात थांबून तिनं घसा साफ केला, दोनदा हळूच पुटपुटून पाहिलं — बाबा… बरा वाटला आवाज, अजून होता कुठेतरी शिल्लक. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते, कान मोकळे, यंत्र डबीतच.

"बाबा, माझं चुकलं."

ते बाहेरच बघत होते. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा वळले, ओळखीचं हसले, कानामागे पंजा धरला.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की."

तिनं सवयीनं छाती भरून श्वास घेतला… आणि तो आतच धरून उभी राहिली. ओरडून म्हटलं की हे वाक्य भांडणासारखं ऐकू येईल, हे तिला आधीच ऐकू आलं होतं.