मिठाच्या तबकडीची मधली जागा

मी तबकडी बोलतेय. कसली म्हणाल तर मैद्याची आणि मिठाची. तुम्ही या घरात पाणी प्यायला आत आलात, की खिडकीशेजारच्या भिंतीवर जी जाडजूड, तांबूस, जराशी वाकडी वस्तू दिसते, ती मी. पाहुणे मला आधी बिस्कीट समजतात. एका गृहस्थांनी तर हातही पुढे केला होता. खाऊ नका बरं. माझ्या काठावर बारीक दातांची खूण आहे, ती ज्यानं केली त्याला विचारा.

माझा जन्म खाली बेकरीत झाला. वर घर आणि खाली बेकरी, अशी इथली सोय आहे. बेकरी बाबांची. बाबा म्हणजे या घरातल्या दोन मुलांचे वडील. मला त्यांनीच मळलं, त्यामुळे मीही त्यांना बाबाच म्हणते. त्यांचे पंजे एवढे मोठे आहेत, की पिठाच्या गोळ्याला हूं की चूं करायची सोय राहत नाही.

मुलांपैकी थोरली अकरा वर्षांची. तिला सगळे ताई म्हणतात, बाबासुद्धा. धाकटा चार वर्षांचा, त्याचं नाव मुंगळा. साखरेचा डबा कुठेही लपवा, हा तिथे तुमच्या आधी पोचलेला असतो. मुंगळा तान्हा असतानाच त्यांची आई आजारपणात गेली. मग बऱ्याच दिवसांनी बाबांनी दुसरं लग्न केलं आणि नवी आई घरात आली. ती हाडांच्या दवाखान्यात काम करते, मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्याचं.

मुंगळ्याला पहिली आई आठवतच नाही. त्यानं हिला आठवड्याभरात आई करून टाकलं आणि तिच्या कडेवर आपली जागा पक्की केली. ताईनं मात्र तिला काहीच म्हटलं नाही. आई नाही, मावशी नाही, काहीच नाही. डबा झालाय का, असं ती गॅसकडे बघून विचारायची. कात्री कुठे ठेवलीय, असं कपाटाकडे बघून. भांडण नव्हतं, उद्धटपणा तर मुळीच नव्हता. पण दोन वर्षं एका घरात राहून तिनं तिला एकदाही हाक मारली नव्हती.

तर या नव्या आईचा वाढदिवस जवळ आला आणि बाबांच्या डोक्यात मी आले. बेकरी बंद असते त्या दिवशी त्यांनी दोघा मुलांना खाली नेलं आणि लांबलचक टेबल पुसून घेतलं.

"विकतचं काही नको," बाबा म्हणाले. "आपल्या तिघांच्या हातांचे ठसे द्यायचे. ती बिचारी दिवसभर लोकांचे मोडके हात बघते. घरी तरी धडधाकट बघू दे."

मला करायला मैदा, मीठ आणि पाणी एवढंच लागतं. पण बाबांचं एक आहे. ते बोलायला लागले, की त्यांचे हात आपल्या मनानं कामं उरकतात. मुंगळ्याला ते समजावून सांगत होते, की पीठ घट्ट हवं, ओघळता कामा नये, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात जाऊन बेकिंग पावडरचा चमचा भरून आला आणि माझ्यात रिकामाही झाला. त्यांना पत्ता नाही. मी नवखी, मला वाटलं हीच रीत असेल.

मुंगळ्यानं गोळ्याला बोट लावून चाटलं. "खारट आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा चाटलं. "अजून खारटच आहे."

"ते गोड होणार नाहीये, राजा."

मग मला लाटून गोल केलं. बाबांनी डावीकडे आपला पंजा दाबला. मुंगळ्यानं उजवीकडे दाबला. त्याच्या कोपराचाही ठसा उठला होता, तो बाबांनी थापटून बुजवला. मध्ये एक जागा राहिली, छान गुळगुळीत.

"ये ताई. मधली तुझी."

ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझा नको."

"का गं?"

"हात खराब होतील."

"धुता येतात की."

"नको म्हटलं ना बाबा."

बाबांचा चेहरा पडला. मुंगळा लगेच मदतीला धावला. "मी पाय देतो," असं म्हणून त्यानं बूट काढायला घेतला. पण बाबा म्हणाले, "नाही रे, ती ताईची जागा आहे." आणि ते मुंगळ्याला हात धुवायला मोरीकडे घेऊन गेले.

मग ताई माझ्याजवळ आली. तिनं आपला उजवा हात माझ्यावर धरला, टेकवला मात्र नाही. त्याची ऊब मला जाणवत होती. "हा मी आईला दिलाय," ती हळूच म्हणाली. "तिला दिलेला हात हिला कसा देऊ?"

ही काय भानगड आहे ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच कशाला ताटकळत ठेवू. शाळेत जायला लागायच्याही आधी ताईनं पहिल्या आईला वाढदिवसाला एक कागद दिला होता. उजवा हात निळ्या रंगात बुडवून त्यावर उमटवलेला. आई गेल्यावर तो कागद तिनं आपल्या कपाटात कपड्यांच्या खाली जपून ठेवला होता. दुसऱ्या कुणाला हात दिला, तर तो पहिला हात काढून घेतल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं. मोठ्या माणसांनाही असं वाटतं, पण ती ते कुणाला सांगत नाहीत, अगदी पिठाच्या गोळ्यालाही नाही.

त्यानंतर बाबांनी मला भट्टीत सरकवलं. माझ्यासारखीला मंद आचेवर तासन्‌तास सुकवायचं असतं. बाबांनी पावाला देतात तसली आच दिली. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत खरोखरच घडलं. मी फुगले. काठ फुगले, पाठ फुगली, बोटांच्या खाचा दोन्हीकडून मिटत आल्या. वरून लालसर कवच आणि आत सगळा कच्चा गोळा, अशा अवस्थेत मला बाहेर काढलं, तेव्हा बाबा बराच वेळ माझ्याकडे तोंड वासून बघत राहिले.

मुंगळ्यानं आपला ठसा निरखून पाहिला. "हा बेडकाचा पाय आहे," तो आनंदानं म्हणाला. मग काही फरक पडलाय का ते बघायला त्यानं माझा काठ चावून पाहिला. तीच ती खूण.

दुसरी तबकडी करायला वेळ नव्हता. वाढदिवसाच्या सकाळी नाश्त्याच्या वेळी मी बेकरीच्या कागदात गुंडाळलेली नव्या आईच्या पुढ्यात गेले. तिनं कागद सोडला. लाजेनं मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

"हा कुणाचा हात?" तिनं विचारलं.

"माझा," बाबा म्हणाले.

"केवढा सुजलाय. दवाखान्यात असा हात आला असता तर मी आधी एक्स-रे काढायला पाठवला असता."

बाबा हसले, मुंगळा टेबलावर चढून हसला. ताईनं ओठ दाबून धरले होते, पण तिच्या नाकातून हसू निसटलंच. एवढ्यात त्या बाईची बोटं माझ्या मधल्या जागेवर आली. तिनं अंगठा किंचित दाबला, तसं माझं कवच खाली गेलं. ती थांबली. डावीकडचा हात बघितला, उजवीकडचा बघितला. ताईकडे मात्र तिनं मुद्दामच बघितलं नाही.

"आतून कच्ची आहे," ती म्हणाली.

बाबांना ते फार लागलं. "माझ्या भट्टीतून आजवर कच्चं काही बाहेर पडलेलं नाही."

"ही पडलीय."

"आण इकडे, पुन्हा टाकतो."

"राहू दे. मला अशीच आवडलीय."

तेव्हा मी भिंतीवर नव्हते, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी फळीवर आडवी पडलेली असायचे. आणि तिथे माझे हाल सुरू झाले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ही बाई एक फडका ओला करायची, घट्ट पिळायची, तळहाताएवढी घडी घालायची आणि बरोबर माझ्या मधल्या जागेवर ठेवायची. काठ सुकून कडक झाले आणि मधलं अंग मऊच. मिठाची आहे म्हणून बुरशी आली नाही, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. मला वाटायचं, आवडले नाही तर सरळ टाकून द्यावं, हा छळ कशासाठी?

बाबा अधूनमधून विचारायचे, "आता भाजू का?" ती म्हणायची, "घाई काय आहे?" आणि त्या दिवसांत ताईला फार तहान लागायची. शाळेतून आली की पाणी, अभ्यासातून उठली की पाणी. पेला तोंडाला लावून ती माझ्याकडे बघत उभी राहायची आणि मग पाणी न पिताच निघून जायची.

शेवटी एकदा सुट्टीच्या दुपारी बाबांचा धीर संपला. बेकरीच्या मालकाच्या घरात कच्चा माल पडून आहे, ही गोष्ट त्यांना झोप लागू देत नव्हती. त्यांनी फडका उचलून बाजूला टाकला आणि मला दोन्ही हातांत घेतलं. "आज भट्टी मंद आहे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

माझा जीव टांगणीला लागला. मला स्वतःला पक्कं व्हायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी एकदा भाजले गेले, की ती मधली जागा कायमची तशीच राहणार होती, हेही मला कळत होतं.

"थांब ना बाबा," ताई म्हणाली. "ओली आहे ती अजून."

"म्हणून तर भाजतोय."

ताई फ्रिजकडे वळली आणि फ्रिजला विचारलं, "हिच्यावर रोज ओला फडका का ठेवतात?"

नवी आई भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला, हात पुसले. "मधली जागा सुकू नये म्हणून. सुकली की मग कुणाचाच हात उमटणार नाही."

"आणि कुणी उमटवलाच नाही तर?"

"तर नाही. मी फडका ठेवत जाईन. मला त्याचं काही ओझं नाही."

मग ताईचा बांध फुटला, पण रडली नाही ती. आपल्या तळहाताकडे बघत एका दमात म्हणाली, "मी आईला दिलाय माझा हात. उजवा. निळ्या रंगात."

मला वाटलं, आता ही बाई तिला जवळ घेणार, डोळे पुसणार. तसलं तिनं काही केलं नाही. तिनं शांतपणे विचारलं, "किती मोठी होतीस तेव्हा?"

"शाळेतसुद्धा जात नव्हते."

"म्हणजे छोटासा असेल हात."

"एवढुसा."

"तो तिचा आहे. तो कायम तिचाच राहील." तिनं फडका उचलून नीट वाळत घातला. "डावा कुणाला दिलायस का?"

ताईनं आपला डावा हात वर केला आणि पहिल्यांदाच दिसतोय तसा उलटसुलट करून बघितला. "नाही," ती म्हणाली. "डावा आहे."

बाबांनी मला गुपचूप टेबलावर ठेवलं. ताईनं डावा हात माझ्या मध्यावर टेकवला. करंगळीला शाईचा डाग होता आणि तळहात घामेजला होता. पण नुसत्या बोटांच्या टोकांनी कवच काही दबेना.

"बोटांनी नाही, मनगटापासून दाब," असं म्हणत नव्या आईनं आपला हात ताईच्या हातावर ठेवला आणि भार दिला. माझ्यात बारीक कर्र आवाज झाला आणि तो हात आत उतरला, पाचही बोटांनिशी.

"तिला दुखलं का?" मुंगळ्यानं विचारलं. नाही दुखलं. मला मळलं, लाटलं, भाजलं, चावलं, ते सगळं मी निमूट सोसलं होतं. त्या क्षणी मात्र मला असं सुख झालं, की ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत. बाबांनी डोळे पुसले. डोळ्यांत पीठ गेलं म्हणे. वरच्या मजल्यावर पीठ कुठून आलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मग मला खरोखर मंद आचेवर ठेवलं. बाबा भट्टीपाशी स्टूल टाकून बसून होते. संध्याकाळी मी बाहेर आले ती ठणठणीत. टिचकी मारली तर वाजते.

ठसा घेऊन झाल्यावर नव्या आईनं विचारलं होतं, "तो निळा कागद कुठे असतो?"

"माझ्या कपड्यांखाली."

"अगं, दुमडेल तिथे."

आता तो काचेच्या चौकटीत माझ्या शेजारी आहे. खिळा ताईनं स्वतः ठोकला, म्हणून चौकट थोडी तिरकी आहे. तिकडे निळा उजवा हात, इकडे माझ्यातला डावा. मी त्या कागदाशी बोलते कधीकधी. तो वयानं मोठा आहे, म्हणून मी अदबीनं वागते.

ताई तिला आई म्हणायला लागली का, असं तुम्ही विचाराल. नाही. पण परवा दवाखान्यातून यायला तिला फार उशीर झाला, तेव्हा ताईनं दारातच तिला झापलं. "फोन करता येत नाही का तुला? आम्ही काय समजायचं?" थेट तोंडावर, डोळ्याला डोळा भिडवून. आणि ती बाई ओरडा खाऊन आत आली, ती इतकी खुशीत, की बाबांना वाटलं पगार वाढला.

माझ्या काठाचे आता बारीक कण झडतात. एक दिवस मीही खिळ्यावरून सुटेन, त्याचं मला दुःख नाही. जाता जाता एकच सांगते. तुमच्याही घरात कुणी आपली जागा कोरी सोडली असेल, तर तिला भाजायची घाई करू नका. फडका ओला करा, पिळा, वर ठेवा आणि आपल्या कामाला निघून जा.