बाबांना ऐकू न आलेला माउथ ऑर्गन

मित्रांनो, मी एक माउथ ऑर्गन. वयाने जुना आणि जरा मानी. माझी मालकीण शाळेत असल्यापासून मला खिशात घेऊन फिरायची. घरी ती वाजवायला लागली की तिचे बाबा तिच्या फुगलेल्या गालांकडे बघून टाळ्या वाजवत. ऐकू काहीच येत नसे. जन्मभर छापखान्यात यंत्रांशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्या टाळ्या मला फार लागत.

पुढे तिने नोकरीवर पाणी सोडलं आणि एका मैत्रिणीला घेऊन कानाची मशिनं बनवायची कंपनी काढली. कंपनी कसली, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली! प्रत्येक नवं मशीन आधी बाबांच्या कानात जाई आणि ती मला वाजवी.

"आता?"

"नुसती घरघर येतेय गं."

पुन्हा खटपट. एक दिवस बाबा ओरडले, "अगं, हे तर गाणं आहे!" दोघी मैत्रिणी लहान मुलींसारख्या रडल्या.

मग कंपनीने बाळसं धरलं. माणसं चाळीस झाली, तपासणीची महागडी यंत्रं आली. मला काचेच्या कपाटात बसवलं आणि खाली पाटी लावली, 'आमची सुरुवात'. पाहुणे माझे फोटो काढत. वाजवत कुणीच नसे.

नव्या मॉडेलची खोकी रवाना व्हायची होती, त्याच दिवशी बाबा ऑफिस बघायला आले. कानात तेच नवं मशीन. ते शिट्टीसारखा त्रासदायक आवाज ओळखून आपोआप पुसून टाकायचं. बाबा माझ्यापाशी थांबले. "वाजव की. किती दिवस झाले!"

तिने वाजवलं. बाबा वाट बघत राहिले. "सुरू कर ना, पोरी."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मशीनने मलाच शिट्टी समजून पुसलं होतं. सगळ्या यंत्रांनी बोलणं तपासलं होतं, गाणं कुणी तपासलंच नव्हतं.

"एकही खोकं हलवायचं नाही," ती म्हणाली.

मैत्रीण हबकली. "अगं, गाडी खाली उभी आहे!"

"राहू दे उभी. बाबांना माझं वाजवणं ऐकू येत नाहीये."

दोन महिने मी पुन्हा रोज कामावर होतो. अखेर एका दुपारी बाबांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "छान! पण मधला एक सूर बेसूर लागतोय हं."

खरंच होतं ते. कपाटात पडून माझ्या आतली, सूर काढणारी एक पट्टी गंजली होती. म्हणून सांगतो, मित्रांनो, आवडीच्या वस्तूला नुसता मान देऊ नका, तिला हातात घ्या. त्या दुपारी चारचौघांत मला बेसूर म्हटलं गेलं, आणि इतकं सुख मला आजवर कुठल्याच कौतुकाने दिलेलं नाही.