वाघाचे दोन रुपये

वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. प्राणहितेकाठचं ते गाव जेमतेम चाळीस घरांचं. त्या सकाळी माणसं मात्र दोनशेच्या वर. मधोमध चांदीबाबा बसला होता. डोळे मिटलेले, पण एक पापणी किलकिली. त्या फटीतून नजर बायकांच्या हातातल्या फडक्यांवरून फिरत होती.

तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगले, तेव्हापासून गाव सैरभैर होतं. बाबानं निदान केलं, "करणी हाये! माणूस खोटं बोलते, चांदी बोलत नाई!" त्यानं स्वतःच्या हातानं घरोघरी अंगाऱ्याची पुडी वाटली. दागिना अंगाऱ्यासकट ओल्या फडक्यात बांधायचा, तीन दिवसांनी सगळ्यांसमोर सोडायचा. जिचा काळा, ती करणीवाली.

आज फडकी सुटत होती. सरी पांढरी, वाळे पांढरे, तोडे पांढरे. सुटलो बाई, म्हणत एकेक जण मागं सरकत होती. मग गोकुळाची पाळी आली. ही एकटी विधवा. आईनं दिलेली रुपयांची माळ तिनं भाकरीला महाग होऊनही मोडली नव्हती; गावात एवढी जड चांदी दुसरी नव्हती.

फडकं सुटलं आणि गर्दी दोन पावलं मागं हटली. माळ काळीठिक्कर.

"पाह्यलं? पाप वर आलं, पाप!" बाबा गरजला. "माळ माह्या हवाली करा, डोहात सोडतो. अन् हे बाई दिवस बुडायच्या आत गावाबाहेर!"

'डोह' म्हणताना त्याचा हात झोळीकडं गेला. डोह तिथंच असावा.

गावचा जुना पंच दादाजी खाली बघत म्हणाला, "मी का करू बाई? जा तू."

गोकुळा हलली नाही. ती माळ चाचपत होती. "दादाजीभाऊ, हे दोन काऊन पांढरे?"

सगळे वाकले. अकरा रुपये काळे, दोन लख्ख.

"हे अकरा राणीछाप, चांदीचे. हे दोन वाघाचे, सत्तेचाळीसचे. आईनं मागून ओवले. यायच्यात चांदी नाई म्हणून सोनारानं मले हाकललं होतं. पाप माह्या गळ्यात, तं या दोघायले काऊन सोडलं? पापाले बी चांदी पारखता येते का?"

"चूप! वाघ देवीचं वाहन! त्याले पाप लागत नाई!"

"मंग राणी कोनाचं वाहन हाये?" शेजारीण देवकाबाई बोलून गेली, आणि मागं कोणीतरी फसकन हसलं.

गोकुळानं फडक्यातला अंगारा हुंगला. "हा वास वळखतो मी. मागच्या साली मले खरूज झाली, तं अहेरीच्या दवाखान्यातून पिवळा मलम आणला. लावला अन् हातातलं चांदीचं कडं काळं पडलं. कंपोंडर म्हणे, गंधक हाये बाई, चांदी काढून ठेव."

तिनं एकाकडून चिलमीतला निखारा मागून घेतला आणि अंगारा त्यावर टाकला. निळी ज्योत उठली आणि अर्ध्या गावाला ठसका लागला. देवकाबाईच्या फडक्यातला टाकला, मग बाकीच्यांचाही; नुसती राख. गंधक एकाच पुडीत होता. जिथं जड चांदी, तिथंच करणी!

खोकला थांबल्यावर दादाजीनं पहिल्यांदा गोकुळाकडं पाहिलं. मग बाबाला म्हणाला, "महाराज, तुमचं कडं द्या. तिच्याच अंगाऱ्यात बांधू. तुमी तं पुण्यवान."

"साधूचा दागिना उतरत नाई!"

जाळं ओढणाऱ्या चौघांनी तो उतरवला. तीन दिवस थांबायला नको म्हणून तापल्या दगडावर ठेवलेलं ओलं फडकं दुपारी सोडलं, तर पुण्यवानाचं कडं काळं! झोळीतून गावोगावच्या सऱ्या निघाल्या, आणि बाबाची वरात पोलीस ठाण्याकडं गेली.

मासे कशानं मेले? तळं गुडघाभर उरलं होतं, पाणी उन्हानं कढत झालं होतं. रोज तिथं जाणाऱ्यांना ते दिसत होतं. विचारलं मात्र बाबाला.

चांदीला पाप कळत नाही, गंधक कळतो. पाप शोधायला निघालेल्यानं आधी पुडी हुंगावी, आणि शेजारणीला गावाबाहेर काढण्याआधी एक तरी प्रश्न विचारावा.

पुढं दादाजीनं गोकुळाला चिंच-राख देऊ केली, "घास बाई, उजळंल."

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमी मले जा म्हणलं होतं, ते साऱ्यायच्या ध्यानात राह्यलं पाहिजे."

ती माळ ती दर बाजाराला काळीच घालून जाते.